जो कॅनिस्टर तुम्हाला उघडता येत नाही, तो विकू नका



अ‍ॅक्वेरियमचं दुकान टाकायचंय म्हणणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, कॅनिस्टर फिल्टरमध्ये मार्जिन किती सुटतं?" मी त्यांना उलट विचारतो, "त्या मॉडेलची रबरी रिंग सुटी मिळते का?" इथे बहुतेकांचं घोडं पेंड खातं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जो कॅनिस्टर तुम्हाला स्वतःला उघडता, धुता आणि परत चालू करता येत नाही, ज्याचे सुटे भाग तुमच्या कपाटात नाहीत, तो कितीही मार्जिन देत असो, काउंटरवर ठेवू नका. कारण फिल्टर बिघडला की ग्राहक कंपनीकडे जात नाही, तुमच्याकडे येतो. मासे मेले की तो म्हणतो, "तुमच्या दुकानातले मासे चांगले नव्हते." दोनदा असं झालं की टँक माळ्यावर जातो. टँकबरोबर त्या घराचं पुढच्या पाच वर्षांचं खाद्य, औषध, झाडं, लाइट, सगळंच माळ्यावर जातं. तुमचं खरं नुकसान हे आहे. फिल्टरवर सुटलेल्या मार्जिनने ते भरून निघत नाही.

आधी वस्तू समजून घ्या

कॅनिस्टर म्हणजे टँकच्या खाली, कपाटात ठेवायचा बंद डबा. एका पाइपने टँकमधलं पाणी खाली येतं, डब्यातल्या बास्केटमधून फिरतं आणि मोटर ते दुसऱ्या पाइपने परत वर ढकलते. हा डबा मुख्यतः दोन कामं करतो. स्पंज कचरा अडवतो, हे सगळ्यांना दिसतं. दुसरं काम दिसत नाही, आणि खरं काम तेच आहे.

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी. डब्यातल्या सिरॅमिक रिंगवर आणि स्पंजवर राहणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते त्यामानाने बरंच सौम्य असतं आणि पाणी बदलताना निघून जातं. म्हणजे तुम्ही मोटर विकत नाही, या जिवाणूंचं घर विकता. आणि नव्या घरात ही वस्ती बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात.

आता धंद्याच्या बाजूने बघा. एकाच दिवशी टँक, फिल्टर आणि वीस मासे विकले की त्या दिवसाचा गल्ला छान दिसतो. पण वस्ती बसलेली नसते, अमोनिया वाढतो आणि दोन-तीन आठवड्यांत मासे जातात. त्यापेक्षा चार-पाच चिवट मासे द्या आणि खाद्य कमी टाकायला सांगा. पाणी तपासायची किट द्या आणि बाकीच्या माशांसाठी दीड महिन्याने बोलवा. ग्राहक परत येतो, मासेही जगलेले असतात आणि विश्वासही बसलेला असतो.

अजून एक सोपी युक्ती. दही लावताना आपण कालच्या दह्याचं विरजण घालतो ना? फिल्टरलाही विरजण चालतं. दुकानातल्या निरोगी टँकच्या फिल्टरमध्ये दोन-चार जादा स्पंज कायम चालू ठेवा. नवा कॅनिस्टर विकला की त्यातला एक स्पंज ओला ठेवूनच ग्राहकाच्या डब्यात घाला. वस्ती लवकर बसते. खोक्यातून घरपोच येणाऱ्या फिल्टरबरोबर हे कुणी देऊ शकत नाही. फक्त ज्या टँकमध्ये रोग आहे, त्यातला स्पंज कधीही देऊ नका.

निवडताना गणित करा, खोक्यावरचा आकडा वाचू नका

पाण्याचं माप सोपं आहे. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणा आणि 1000 ने भागा. साधारण तीन फुटी टँक 90 × 45 × 45 धरला तर 182 लिटर येतात. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली तर हातात 150 लिटरच्या आसपास राहतात. घरगुती टँकमध्ये पाणी तासाला 4 ते 6 वेळा फिल्टरमधून फिरावं, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे 600 ते 900 लिटर.

पण खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा रिकाम्या डब्याचा असतो. आत स्पंज आणि रिंग भरल्या, पाणी तीन-चार फूट वर चढवायला लागलं की प्रवाह बराच कमी होतो. म्हणून या टँकला 1000 ते 1200 लिटर लिहिलेला घ्यावा. गोल्डफिश घाण जास्त करतात, त्यांना वरच्या बाजूचा आकडा बरा. फायटरसारख्या माशाला जोराचा प्रवाह झेपत नाही, तिथे प्रवाह कमी करता यायला हवा.

दोन मॉडेलचा प्रवाह सारखाच असेल तर डब्याच्या आत जागा किती आहे ते बघा. छोट्या डब्यात मोठी मोटर बसवून आकडा फुगवता येतो. पण जिवाणूंना लागते ती जागा.

त्यानंतर माझी यादी अशी असते: रबरी रिंग, इम्पेलर, इम्पेलरची दांडी आणि पाइपचा वॉल्व्ह सुटा मिळतो का? पुरवठादार दोन वर्षांनीही तो देईल का? पाइप वॉल्व्हसकट सुटतात का, की धुताना दरवेळी फरशीवर पाणी? ही चार-पाच उत्तरं "नाही" असतील तर तो माल स्वस्त असूनही महाग आहे. पार्ट नाही म्हणून अख्खा फिल्टर फेकायला लावणारा दुकानदार ग्राहकाच्या लक्षात राहतो, चांगल्या अर्थाने नाही.

विजेचा प्रश्न ग्राहक विचारतोच. कॅनिस्टर चोवीस तास चालतो. 20 वॉटची मोटर दिवसाला 0.48 युनिट खाते, महिन्याला साधारण साडेचौदा युनिट. त्याच्या बिलावरचा दर लावून तिथल्या तिथे आकडा काढून दाखवा. लपवलेला खर्च पुढे तक्रार होऊन येतो, सांगितलेला येत नाही.

आणि कॅनिस्टर सगळ्यांना लागत नाही, हे तोंडाने म्हणायला शिका. दोन फुटी, 54 लिटरच्या टँकमध्ये आठ-दहा छोटे मासे असतील तर स्पंज फिल्टर किंवा मागे टांगायचा फिल्टर पुरतो. अशा माणसाला कॅनिस्टर गळ्यात मारणं म्हणजे आजचा नफा घेऊन उद्याचा ग्राहक घालवणं.

धुलाई: जास्त धुणाराच जास्त मासे मारतो

फिल्टर न धुणाऱ्यांपेक्षा चुकीचं धुणारे जास्त नुकसान करतात. नळाखाली धरून रिंग पांढऱ्याशुभ्र केल्या की पाण्यातल्या क्लोरिनने वस्ती मरते. डबा चकाचक, पाणी विषारी. म्हणून ग्राहकाला एवढं शिकवाच:

• हात घालण्याआधी प्लग काढायचा. प्लगजवळची वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवायची, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली गळेल.

• धुवायला टँकमधूनच काढलेलं बादलीभर पाणी वापरायचं. साबण नाही, गरम पाणी नाही.

• जाड स्पंज महिना-दीड महिन्यात, किंवा प्रवाह कमी वाटला की पिळायचा. सिरॅमिक रिंग चार-सहा महिन्यांनी नुसत्या खळबळायच्या.

• सगळे स्पंज आणि रिंग एकदम बदलायच्या नाहीत. अर्ध्या आज, अर्ध्या महिन्याभराने.

• कार्बन टाकला असेल तर तो काही आठवड्यांत संपतो. टँकमध्ये औषध घालताना तो काढून ठेवायचा, नाहीतर औषधच शोषून घेतो.

• इम्पेलर बाहेर काढून त्यावरचा बुळबुळीत थर पुसायचा. आवाज येणाऱ्या बऱ्याच मोटरी एवढ्यावर गप्प होतात.

• रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावायचं. घरातलं व्हॅसलिन नको, त्याने काही रबर फुगतं.

आता लाइटचा विषय, आपल्याकडे हा विसरून चालत नाही. शहरात देखभालीसाठी वीज जाते, गावाकडे तर वेळकाळ नसतो. कॅनिस्टर बंद डबा असल्यामुळे पाणी थांबलं की आतला ऑक्सिजन संपत जातो आणि काही तासांत आत सडायला सुरुवात होते. लाइट आल्यावर तेच पाणी टँकमध्ये जातं. म्हणून चार-पाच तासांपेक्षा जास्त बंद राहिला तर डबा उघडा, आतलं पाणी फेका, स्पंज आणि रिंग टँकच्या पाण्यात खळबळा आणि मग चालू करा. विक्रीच्या वेळी हे एक वाक्य सांगितलंत तर पहिल्या मोठ्या लोडशेडिंगला ग्राहकाला तुमची आठवण येईल, आणि ती शिवी देण्यासाठी नसेल.

"सगळं शिकवलं तर आपल्याकडे कोण येईल?"

हा आक्षेप मला प्रत्येक बॅचमध्ये ऐकू येतो. त्यात थोडं तथ्य आहे. काही लोक शिकून स्वतः धुतील. पण बघा, जो स्वतः धुतो त्याचे मासे जगतात, तो दुसरा टँक घेतो आणि चार मित्रांना घेऊन येतो. ज्याला वेळ नाही, तो शिकवल्यावरच कबूल करतो की "हे माझ्याच्याने व्हायचं नाही, तुम्हीच या." सेवेचे पैसे देणारा ग्राहक असा तयार होतो. काम किती आहे हे त्याला माहीत असतं, म्हणून तो घासाघीस कमी करतो.

माझा विरोध आहे तो "फिल्टर घ्या, वर्षभर सर्व्हिस फ्री" या पाटीला. फुकट सर्व्हिस दोन-तीन महिने होते. मग दुकानदार फोन उचलत नाही आणि ग्राहक वाट बघत बसतो. एक भेट मोफत द्या, शिकवण्यासाठी. पुढच्या भेटीचे पैसे घ्या.

किती घ्यायचे? अंदाजाने नाही. समजा तुम्हाला महिन्याला 30,000 रुपये मेहनताना हवा आहे आणि महिन्यात कामाचे 200 तास आहेत. तुमचा तास 150 रुपयांचा झाला. एका घरी जाण्या-येण्यात एक तास, कामात एक तास, म्हणजे 300. पेट्रोल 50, कापूस-ग्रीस वगैरे 50. खर्चच 400 झाला. शेजारचा 300 घेतो म्हणून तुम्हीही 300 घेतले तर दर भेटीला खिशातले 100 देऊन येताय.

आता तेच काम एका सोसायटीत चार टँकचं, एकाच दिवशी घ्या. जाणं-येणं एकदाच. पाच तासांचे 750, पेट्रोल 50, सामान 200. एकूण 1000, म्हणजे टँकमागे 250. इथे 400 घेतले तरी ग्राहकाला परवडतं आणि तुम्हालाही सुटतं. आकडे माझे आहेत, तुम्ही तुमच्या गावाचे घाला. म्हणून मी सांगतो, पहिला ग्राहक मिळाला की दुसरा त्याच बिल्डिंगमध्ये शोधा.

ऑनलाइनच्या किमतीशी भांडून आपण जिंकणार नाही. ग्राहकाने मोबाइलवर 500 रुपये कमी किंमत दाखवली तर शांतपणे सांगा: "तिथून घ्या, काही हरकत नाही. माझ्याकडे या किमतीत विरजणाचा स्पंज, घरी येऊन जोडणी, एक शिकवणीची भेट आणि कपाटात रबरी रिंग आहे." काही जण तरीही जातील. जाऊ द्या. रिंग फाटली की त्यातले काही परत येतात, तेव्हा तोंड वाकडं न करता रिंग विका.

आजचा गृहपाठ. येत्या रविवारी तुम्ही विकता किंवा विकणार आहात तो एक कॅनिस्टर घ्या. पाणी भरा, चालू करा, बंद करा, उघडा, धुवा, परत जोडा. घड्याळ लावा. खाली कोरडं फडकं अंथरा आणि एक रात्र चालू ठेवा. सकाळी फडकं ओलं असेल तर तो माल परत पाठवा. कोरडं असेल तर धुलाईला लागलेली मिनिटं वहीत लिहा आणि त्यावरून सर्व्हिसचा दर काढा. त्यानंतरच किमतीचं स्टिकर लावा.