पडवीतली जीप: अस्सल काय, नक्कल काय?

मुंबईत जुन्या मोटारींची फेरी निघते तेव्हा हॉर्निमन सर्कलजवळ बघ्यांची गर्दी होते. सर्वांत जास्त फोटो निघतात ते टप मागे दुमडलेल्या लांबलचक अमेरिकन गाड्यांचे. शेवरोले, ब्युइक, डॉज, प्लिमथ. लोक किंमत विचारतात, मालक हसून टाळतो. जाणकार मात्र खाली वाकून चेसिसचा नंबर पाहतात आणि विचारतात, यातले मूळ काय काय शिल्लक आहे?

या गाड्या सगळ्याच जहाजातून तयार होऊन आल्या नाहीत. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना काढला. अमेरिकेतून सुटे भाग पेट्यांत भरून येत आणि इथले कामगार गाडी जोडत. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली आणि क्रायस्लर कंपनीशी करार करून 1947 पासून कुर्ल्याला डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडायला सुरुवात केली. पुढे सरकारने ठरवले की भाग इथेच बनवण्याची तयारी असेल त्यानेच राहावे. त्यानंतर 1954 मध्ये जनरल मोटर्सने शिवडीचे काम बंद केले. मुंबईच्या जुन्या मिस्त्र्यांना अमेरिकन इंजिन पाठ असायचे, त्यामागे हा इतिहास आहे.

आपल्या कर्जत-खालापूरकडे शेवरोले किंवा ब्युइक फार कुणाच्या दारात नव्हती. इथली उघड्या टपाची अमेरिकन गाडी म्हणजे जीप. लाकडाचा ठेकेदार, भाताच्या गिरणीचा मालक, गावचा डॉक्टर, शिकारीचा शौक असलेला एखादा खोत, अशांच्या दारात ती असायची. आजही नेरळपासून कळंबपर्यंतच्या एखाद्या जुन्या घराच्या पडवीत पेंढ्याखाली झाकलेली जीप सापडते. मालक अल्लाहला प्यारे झालेले, मुले ठाण्या-मुंब्र्याला, नाहीतर आखातात. मग एक दिवस भंगारवाला येतो, किंवा मुंबईचा एखादा शौकीन येतो, आणि घरात चर्चा सुरू होते: विकायची की दुरुस्त करायची?

आधी आपल्याकडे नेमकी कोणती जीप आहे ते ओळखा. दुसऱ्या महायुद्धात विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी एकाच नमुन्याच्या सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर लष्कराचा उरलेला माल विकला गेला, तेव्हा त्यातल्या काही आपल्याकडच्या लोकांनी घेतल्या. यांनाच जुनी माणसे ‘डिस्पोजलची जीप’ म्हणतात. त्याच सुमारास मुंबईत आणखी एक गोष्ट घडत होती. 1945 मध्ये महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. 1948 मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. आद्याक्षरे तीच राहिली. याच कंपनीने विलीसच्या परवान्याने इथे जीप जोडल्या आणि नंतर पूर्ण बनवल्या.

ओळखायची सोपी खूण समोरच आहे. तोंडावरच्या जाळीतल्या उभ्या फटी मोजा. नऊ असतील तर ती युद्धकाळातल्या नमुन्याची, सात असतील तर नंतरची नागरी वापराची. बॉनेट उंच आणि पेटीसारखे असेल तर ती सीजे-3बी. तिचे इंजिन उंच होते म्हणून 1953 मध्ये बॉनेट उंचावले. अमेरिकेत ही जीप 1968 मध्ये बंद झाली, पण महिंद्राने ती पुढे कितीतरी वर्षे बनवली. म्हणून तिचे भाग अजून मिळतात. नऊ फटींच्या जीपचे मूळ भाग मिळणे खूप कठीण, आणि फसवणूकही तिथेच जास्त.

बाजारात भाग तीन प्रकारचे असतात. पहिला, दुसऱ्या जुन्या गाडीतून काढलेला मूळ भाग. दुसरा, कारखान्यात तेव्हा तयार झालेला पण कुठल्याच गाडीला न लागलेला, गोदामात पडून राहिलेला. हा सर्वांत महाग. तिसरा, जुन्या नमुन्यावरून आज बनवलेला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा चोरबाजारात फिरलात तर नशिबाने पहिल्या दोन प्रकारांतले काही हाती लागते. तिसऱ्या प्रकारात वाईट काही नाही. गाडी रस्त्यावर आणायला तो लागतोच. पण तिसरा भाग पहिला किंवा दुसरा म्हणून विकणे हा सरळ धोका आहे.

एक उदाहरण देते. फोर्डने युद्धकाळात बनवलेल्या जीपच्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, ‘एफ’ हे अक्षर उमटवलेले असे. शौकिनांना हे अक्षर हवे असते, म्हणून आज नवे बोल्टही ‘एफ’ उमटवून मिळतात. डॅशबोर्डवरच्या माहितीच्या पट्ट्याही नव्या छापून मिळतात. त्यामुळे केवळ अक्षरावर किंवा पट्टीवर विश्वास ठेवू नये. ओतीव लोखंडाच्या भागावरचा नंबर पाहावा, जुन्या भागाशेजारी ठेवून जाडी, वजन, भोकांचे अंतर ताडावे. पत्र्यावर चुंबक फिरवावे. चुंबक चिकटत नसेल तिथे रंगाखाली पत्रा नसून लांबी भरलेली आहे असे समजावे.

माझे मामू खोपोलीत घाटाच्या पायथ्याशी गॅरेज चालवत. घाट चढण्याआधी गाड्या तिथे पाण्याला थांबत, त्यामुळे तऱ्हेतऱ्हेची इंजिने त्यांच्या हाताखालून गेली. त्यांचा एक नियम होता. गाडीतून काढलेला जुना भाग, कितीही झिजलेला असो, पत्र्याच्या डब्यात घालून, डब्यावर गाडीचा नंबर लिहून मालकाला परत द्यायचा. ते म्हणत, ही त्याची अमानत, फेकायचा हक्क त्याचा. तेव्हा मला हा निव्वळ प्रामाणिकपणा वाटायचा. आता कळते की हुन्नरातही त्याचा उपयोग आहे. झिजलेला मूळ भाग हाच नव्या भागाचा नमुना. लेथवर नवा वायसर किंवा बुश कातायचा असेल तर माप त्यावरूनच घ्यायचे. तो भंगारात गेला की माप गेले.

मूळ भागाचा आग्रह कुठे धरावा आणि कुठे धरू नये, हेही ठरवावे लागते. चेसिस, इंजिनचा ब्लॉक, गिअरबॉक्स, बॉडीचा सांगाडा, मीटर, दिव्यांच्या कड्या, हूडच्या लोखंडी कमानी: हे शक्यतो दुरुस्त करून वापरावे. पण ब्रेकचे रबरी पाईप, वायरी, टायर या बाबतीत ‘कारखान्याचा मूळ’ हा शब्द ऐकला तरी नको म्हणावे. रबर वापरले नाही तरी वयाने कडक होते, तडकते. त्यातून जुन्या जीपमध्ये चारही चाकांच्या ब्रेकला एकच मास्टर सिलिंडर असतो. एक पाईप फुटला की चारही ब्रेक गेले. नेरळहून दस्तुरी नाक्याकडे जाणाऱ्या चढावरून उतरताना असे झाले तर काय होईल, ते आपल्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. कॅनव्हासचे हूडही नवेच शिवून घ्यावे, फक्त जुने हूड कापण्याच्या नमुन्यासाठी जपून ठेवावे.

आपल्याकडचा पाऊस हा या गाड्यांचा मोठा शत्रू. युद्धकाळातल्या जीपच्या तळाच्या पत्र्याखाली मजबुतीसाठी पन्हळीसारख्या पट्ट्या आहेत आणि त्यांत लाकूड भरलेले असे. ते लाकूड पाणी धरून ठेवते आणि पत्रा आतून कुजतो. वरून रंग छान दिसतो, पाय दिला की खाली जातो. म्हणून दुरुस्तीचा हिशोब करण्याआधी गाडी उचलून खालून पाहावी. सौदा रंगावर ठरवू नये.

आता कायद्याची बाजू. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये विंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षांहून जास्त झालेले, धंद्यासाठी न वापरले जाणारे दुचाकी किंवा चारचाकी वाहन विंटेज म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, ती 10 वर्षे चालते, नूतनीकरणाला 5,000 रुपये. नव्या नोंदणीला नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, आधीच नोंद असलेल्या गाडीचा जुना नंबर राहतो. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. आणि सर्वांत महत्त्वाची अट ही की गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठे फेरफार केलेले नसावेत.

ही अट आपल्याकडच्या अनेक गाड्यांना आडवी येते. पेट्रोल महागले तेव्हा कित्येकांनी मूळ इंजिन उतरवून डिझेल इंजिन बसवले. ते मूळ इंजिन एखाद्या विहिरीवर पंपाला जोडलेले असेल, नाहीतर कोपऱ्यात पडलेले असेल. विकण्याआधी ते शोधा. त्यावरचा नंबर आरसी बुकातल्या नंबराशी जुळला तर गाडीची किंमतही बदलते आणि कायद्यातली जागाही.

आरसी बुकाचा विषय निघालाच आहे तर घरातली गोष्टही बोलायला हवी. गाडी आजोबांच्या नावावर असेल तर ती सगळ्या वारसांची आहे, बहिणींचीही. पेंढ्याखाली होती तोवर तिचा हिस्सा कुणी मागितला नाही, पण तीन-चार लाख खर्चून ती चकचकीत झाली की सगळ्यांना आठवते. खर्च करणाऱ्या भावाला वाटते माझा पैसा, बहिणीला वाटते माझा वारसा. दोघेही खरेच बोलत असतात. म्हणून पाना हातात घेण्याआधी सर्व वारसांनी बसून लेखी ठरवावे: कुणाच्या नावे करायची, बाकीच्यांना काय द्यायचे. मग नमुना 31 भरून आरटीओत नाव बदलून घ्यावे. हे न करता गाडी विकायला काढली तर कागदावर अडते आणि नात्यातही.

दुरुस्ती सुरू झाली की एक वही घाला. तारीख, काढलेला भाग, बसवलेला भाग, तो तीन प्रकारांपैकी कुठला, कुठून आणला, किती रुपये, कुणी बसवला. उघडण्याआधी प्रत्येक बाजूचा फोटो काढा. नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत, चिठ्ठी घालून ठेवा. हे काम मिस्त्री करणार नाही, त्याला वेळ नसतो. घरातल्या आठवी-नववीच्या मुलाला किंवा मुलीला द्या. माझ्या वर्गातली काही मुले सुट्टीत गॅरेजात जातात. हात शिकतात, पण मोजमाप आणि नोंद शिकत नाहीत, आणि हुन्नर तिथेच अडकतो. दहावीनंतर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. ज्याला अशी वही लिहायची सवय आहे तो तिथे मागे पडत नाही.

आणि गाडी पुढे विकाल तेव्हा वही गाडीबरोबर द्या. ‘हूड नवे, ब्रेक नवे, डावे मडगार्ड आज बनवलेले, इंजिन मूळ’ असे स्पष्ट लिहिलेली गाडी कदाचित दोन पैसे कमी आणेल. पण घेणाऱ्याला आपण काय घेतो ते कळेल, आणि तो ज्याला विकेल त्यालाही. या सुट्टीत गावी जाल तेव्हा पडवीतला पेंढा जरा बाजूला करा, जाळीच्या फटी मोजा आणि कपाटातले आरसी बुक शोधून ठेवा.