झाकलेली नावे

छांदिष्ट मनुष्याची थट्टा करणे हा सुशिक्षितांचा आवडता उद्योग आहे, आणि जुन्या तबकड्या धुंडाळणारा इसम हे त्या थट्टेचे हक्काचे गिऱ्हाईक. सारे गाणे खिशातल्या यंत्रात मिळत असता याने धुळीची खोकी का उपसावीत, असे विचारण्यात येते. आम्ही या इसमाचे कैवारी आहोत. परंतु त्याच्याच पंथातील एक रूढी आम्हांस इतकी निंद्य वाटते की, तिच्याविषयी स्पष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही.

आमच्यापुढे उदाहरण आहे ते अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ‘सोल’ संगीताचे. चर्चमधील भजनाचा आवेश आणि लौकिक प्रेमाचा विषय यांच्या संयोगाने ते जन्मास आले, आणि 1959 मध्ये बेरी गॉर्डी यांनी डेट्रॉइट येथे काढलेल्या संस्थेने, जी पुढे मोटाउन म्हणून गाजली, ते घरोघर पोचविले. पण त्याचे खरे वेडे निघाले ते इंग्लंडच्या उत्तर भागात. लंडनमध्ये तबकड्यांचे दुकान चालविणारे डेव्ह गॉडिन यांच्या ध्यानात आले की, फुटबॉलच्या सामन्यांसाठी उत्तरेकडून आलेली मंडळी नव्या चालीकडे ढुंकूनही न पाहता जुनी, जलद लयीची गाणीच मागतात; 1970 मध्ये ‘नॉर्दर्न सोल’ हे नाव त्यांनीच छापून रूढ केले. 1973 ते 1981 या काळात विगन कॅसिनो या नृत्यगृहात कामगारांची पोरे या गाण्यांवर सकाळपर्यंत नाचली. यातील कित्येक तबकड्या खुद्द अमेरिकेत कोणी विकत घेतल्या नव्हत्या. गुदामांतून त्या उचलून आणल्या त्या छांदिष्टांनी. आम्हां प्राध्यापकांपैकी कोणास ते सुचले नव्हते, हे येथे कबूल केलेले बरे.

आता ती रूढी. एखाद्या निवेदकास दुर्मिळ तबकडी सापडली की, तो तिच्या मधल्या चिठ्ठीवर कोरा कागद डकवी आणि भलत्याच गायकाचे नाव ठोकून देई. हेतू एवढाच की, प्रतिस्पर्ध्यास तिचा माग लागू नये. फ्रँक विल्सन या गायकाचे गाणे 1965 मध्ये मोटाउनच्या एका शाखेसाठी मुद्रित झाले, परंतु विक्रीस आले नाही. नमुन्याच्या मोजक्याच प्रती उरल्या. इंग्लंडात ते गाजले ते एडी फॉस्टर या नावाने! गाणाऱ्याचा गळा विल्सनचा, वाहवा फॉस्टरची.

या कृत्याचे समर्थन करणारे म्हणतात की, नाव फुटले तर चोरटे छापणारे लगेच नकला काढतील. युक्तिवाद ऐकण्यास बरा आहे. पण घडले काय? चोरटी नक्कल निघालीच, आणि तीही फॉस्टरच्याच नावाने. म्हणजे झाकलेल्या नावाने चोर अडला तर नाहीच, उलट त्यास तयार बुरखा मिळाला. गाणे विल्सनच्या नावाने इंग्लंडात रीतसर प्रसिद्ध होण्यास 1979 साल उजाडावे लागले.

रेडिओवरील चांगल्या निवेदकाचे ब्रीद याच्या नेमके उलट आहे. 1940 च्या दशकाअखेर मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए केंद्राने आपले कार्यक्रम कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी चालविण्यास आरंभ केला. रूफस टॉमस हे स्वतः गायक असूनही तेथे इतरांची गाणी लावीत. गाणे संपता संपता नाव कळेल म्हणून पेन्सिल हाती धरून, कानांत प्राण आणून बसलेला श्रोता ज्याने पाहिला आहे, त्याला या सुखाची योग्यता निराळी सांगावयास नको. दुसऱ्या दिवशी बाजारात शोध सुरू होतो तो त्या कागदाच्या चिटोऱ्यावरून.

हे नाव म्हणजे केवळ सोय नव्हे. अमेरिकेत साध्या रेडिओवर तबकडी वाजली तर गीतकारास मोबदला मिळतो, गायकास कायद्याने दिडकीही मिळत नाही. विल्सनच्या त्या तबकडीची एक प्रत 2009 मध्ये 25,000 पौंडांहून अधिक किमतीस विकली गेली. जुन्या तबकडीच्या अशा विक्रीतही गायकाचा वाटा नसतोच. मग त्या बिचाऱ्याच्या पदरी उरते काय? नाव. तेवढेच हिरावून घेणाऱ्यास रसिक म्हणावयाचे असेल तर घरफोड्यास वास्तुशास्त्रज्ञ म्हणण्यास हरकत नाही.

आपल्याकडील गोष्ट पाहा. 1902 मध्ये कलकत्त्यास गौहरजान प्रथम यंत्रासमोर गायल्या. मूळ मुद्रणे जर्मनीत पाठवावयाची, तेथील कारागिरास भाषेचा गंध नाही. तेव्हा गाण्याच्या शेवटी गायिकेनेच आपले नाव इंग्रजीतून सांगावे, असा परिपाठ पडला. चिठ्ठी फाटली, रंग उडाला, कोणी कागद डकविला, तरी त्या तबकडीवर सुई टेकवून शेवटपर्यंत थांबणाऱ्याला बाई आपले नाव स्वतः सांगतात. विल्सनला ती सोय नव्हती.