किती चालता येते, हेही मोजा



मोटारगाडी जागेवर उभी असताना तिच्या इंजिनाची खरी ताकद कळत नाही. घाट चढू लागली की कळते. माणसाच्या फुप्फुसांचेही तसेच आहे. खुर्चीत बसलेला माणूस अगदी ठणठणीत दिसतो आणि तोच एक जिना चढताना मध्येच कठडा धरून उभा राहतो.

वर्षानुवर्षे विडी-सिगारेट ओढल्याने, चुलीच्या धुरात स्वयंपाक केल्याने किंवा खाणी-कारखान्यांतील धुळीत काम केल्याने श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात आणि फुप्फुसांतील वायुकोशही खराब होतात. हा रोग हळूहळू वाढतो आणि माणूसही त्याच्याशी हळूहळू जुळवून घेतो. आजी विहिरीवर जाणे सोडते, बाजाराची पिशवी नातवाकडे देते, देवळात जायचे तर रिक्षा करते. मग डॉक्टरांनी विचारले, “आजी, दम लागतो का?” तर ती म्हणते, “नाही हो.” ती खोटे बोलत नाही. दम लागेल असे काही तिने करणेच सोडून दिलेले असते! आणि घरचे म्हणतात, “वय झाले, दुसरे काय?”

म्हणून मोजमाप हवे. श्वास मोजण्याचे यंत्र, म्हणजे स्पायरोमीटर, लंडनच्या जॉन हचिन्सन या डॉक्टरने १८४६ साली जगापुढे मांडले. आजही रोगाचे निदान त्यावाचून पक्के होत नाही. खोल श्वास घेऊन जोराने सोडायचा आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते पाहायचे. परंतु हा आकडा सारखाच असलेले दोन रुग्ण चालायला लावले, तर त्यांच्यात पुष्कळ फरक पडू शकतो. असे का व्हावे?

थोडा हिशेब करू. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सुमारे १५ श्वास घेतो. म्हणजे एका श्वासाला ४ सेकंद मिळतात. भरभर चालताना श्वास ३० झाले, तर २ सेकंदच उरतात. अरुंद नळीतून हवा बाहेर पडायला वेळ लागतो. ती पुरती बाहेर पडण्याआधीच पुढचा श्वास सुरू होतो आणि छातीत हवा साठत जाते. भरलेल्या घागरीत आणखी पाणी कसे मावणार? शिवाय दम लागतो म्हणून माणूस चालत नाही, चालत नाही म्हणून पायांचे स्नायू दुबळे होतात आणि दुबळ्या स्नायूंमुळे थोड्या श्रमानेही अधिक दम लागतो. हे दुष्टचक्र एका फुंकरीत कसे दिसावे?

सरकत्या पट्ट्यावर किंवा सायकलीवर व्यायाम करवून श्वासातील वायू तपासण्याची पद्धत उत्तम आहे. पण ती खर्चाची आहे आणि मोठ्या रुग्णालयांतच मिळते. सोपी वाट निघाली ती सैनिकांकडून. अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ साली बारा मिनिटांत माणूस किती अंतर धावतो यावरून त्याची क्षमता ठरवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९७६ साली ब्रिटनमध्ये मॅकगाविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी धावण्याच्या जागी चालणे आणले आणि ती पद्धत जुनाट श्वासनलिकादाहाच्या रुग्णांसाठी वापरली. दमेकऱ्याला बारा मिनिटे चालवणे म्हणजे फारच झाले. १९८२ साली बटलंड व सहकाऱ्यांनी दोन, सहा आणि बारा मिनिटांच्या चाचण्या ताडून पाहिल्या. सहा मिनिटांनी काम भागते असे दिसले आणि तीच पुढे जगभर रूढ झाली.

तिला लागते काय? ३० मीटर लांबीचा सपाट व्हरांडा, दोन टोकांना खुणा, एक घड्याळ, एक खुर्ची आणि बोटाला लावून रक्तातील प्राणवायू दाखवणारा ऑक्सिमीटर. रुग्णाने सहा मिनिटांत जमेल तितके अंतर चालायचे, धावायचे नाही. दम लागला तर थांबावे, भिंतीला टेकावे, पण घड्याळ थांबत नाही. शेवटी अंतर मोजायचे आणि दम किती लागला ते ० ते १० या अंकांत रुग्णालाच विचारायचे. निरोगी प्रौढ माणूस साधारण ४०० ते ७०० मीटर चालतो.

“हे कसले विज्ञान? हे तर कोणीही करील!” असे तुम्हाला वाटेल. इथेच खरी गंमत आहे. कॅनडातील गायट व सहकाऱ्यांनी १९८४ साली दाखवले, की चालताना रुग्णाला उत्तेजन दिले तर तो सुमारे ३० मीटर अधिक चालतो. आणि उपचाराने रुग्णाला खरोखर फरक पडला असे म्हणायला अंतर किती वाढावे लागते? तेही सुमारे ३० मीटरच! म्हणजे एका वेळी “शाबास” म्हटले आणि दुसऱ्या वेळी गप्प राहिलो, तर औषधाचा गुण कोणता आणि शाबासकीचा कोणता, हे कळायचे नाही. म्हणून दर मिनिटाला काय बोलायचे ते शब्दही ठरलेले असतात. तपासणाऱ्याने रुग्णाच्या पुढे चालायचे नाही, कारण त्याने वेग बदलतो. व्हरांडा आखूड असला तर वळणे वाढतात आणि अंतर घटते. दुसऱ्या खेपेस सरावाने माणूस थोडा अधिक चालतो, म्हणून चाचणी दोनदा घेऊन मोठे अंतर धरतात. स्वस्त चाचणीलाही शिस्त लागते, किंबहुना तिला ती जास्तच लागते.

कोणी आक्षेप घेईल, की चालणे गुडघ्यांवर, हृदयावर आणि मनःस्थितीवरही अवलंबून असते, मग ही फुप्फुसाची चाचणी कशी? आक्षेप बरोबर आहे. ही चाचणी रोगाचे नाव सांगत नाही. पण रुग्ण जगतो तो फुप्फुस, हृदय, पाय आणि मन या साऱ्यांच्या आधारे, आणि त्या साऱ्यांचा हिशेब हे अंतर एकत्र देते. पुरावाही भक्कम आहे. सहा ते बारा आठवडे देखरेखीखाली व्यायाम दिला, तर स्पायरोमीटरचा आकडा फारसा हलत नाही, पण रुग्ण अधिक अंतर चालू लागतो. अरुंद नळ्या तशाच राहतात, पाय मात्र सुधारतात. केवळ स्पायरोमीटर पाहणारा म्हणेल, उपयोग झाला नाही. आजी मात्र पुन्हा देवळापर्यंत चालत गेलेली असेल! २००४ साली सेली व सहकाऱ्यांनी शरीराचे वजन, श्वासमार्गाचा अडथळा, दम आणि चालण्याचे अंतर या चारांचा एक निर्देशांक केला. मृत्यूच्या धोक्याचा अंदाज त्याने नुसत्या श्वासाच्या आकड्यापेक्षा चांगला येतो असे आढळले.

२०२१ साली करोनाच्या लाटेत महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने लोकांना घरीच सहा मिनिटे चालून ऑक्सिमीटर पाहण्यास सांगितले होते. तिथे पाहायचे होते ते अंतर नव्हे, तर प्राणवायू उतरतो का ते. पण चालण्याने लपलेला दोष उघड होतो, ही गोष्ट तेव्हा घरोघरी पोचली. आता ती विसरू नये. माझे म्हणणे असे, की जुनाट फुप्फुसरोगाच्या रुग्णाची तपासणी त्याला चालवून पाहिल्याखेरीज पुरी झाली असे मानू नये आणि प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ३० मीटरचा आखलेला व्हरांडा असावा. त्याला लागतो तो थोडा रंग आणि शिकवलेला माणूस.

शिक्षकांना एक विनंती आहे. शाळेच्या व्हरांड्यात हा प्रयोग निरोगी विद्यार्थ्यांवर करून पाहा. निम्म्यांना उत्तेजन द्या, निम्म्यांना देऊ नका. दुसऱ्या दिवशी अदलाबदल करा आणि सरासरी काढा. घरच्या आजारी माणसांवर मात्र हा प्रयोग करू नका. कोणाला चालवावे आणि केव्हा थांबवावे हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी हल्ली बाहेर पडेनासे झाले असेल, तर “वय झाले” म्हणून सोडून देऊ नका. “पूर्वी कुठवर चालत जात होता आणि आता कुठवर जाता?” एवढे त्यांना विचारा आणि उत्तर डॉक्टरांना सांगा.