समन्स म्हणजे वॉरंट नव्हे



लोणी भापकरची बैठक उठल्यावर एक म्हातारबाबा मागे थांबले. बंडीच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद त्यांनी काढला आणि हळूच म्हणाले, "साहेब, पकडवॉरंट आलंय. कुणाला बोलू नका." कागद महिनाभर खिशात होता. तेवढ्यात वकिलाच्या पैशासाठी दोन शेळ्या विकून झाल्या होत्या. रात्री दार वाजले की बाबा परसात जाऊन उभे राहत. मी कागद उघडला, तर समन्स! शेजारच्या दोघांची बांधावरून मारामारी झाली, ती बाबांनी पाहिली होती. तेवढे सांगायला कोर्टाने बोलावले होते. तारीख मात्र चार दिवसांपूर्वीच होऊन गेलेली. समन्स मिळूनही साक्षीदार फिरकला नाही तर कोर्ट खरेच वॉरंट काढू शकते. म्हणजे न आलेल्या वॉरंटाच्या भीतीने बाबांनी वॉरंटाला घरचे आवतण दिले.

या माणसाला अडाणी म्हणायची माझी हिंमत नाही. मोनोक्रोटोफॉस, डीएपी, थायमेट हे शब्द त्यांच्या तोंडात माझ्याइतकेच सहज आहेत. औषधाच्या डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यात जहाल विष, हे त्यांना कुठल्या शाळेने शिकवले नाही. मी शेतीची पदवी इंग्रजीतून घेतली. पहिले वर्ष अर्धे शब्द कळण्यातच गेले. ज्याच्यावर पीक अवलंबून आहे तो शब्द शेतकरी बरोबर उचलतो. मग ज्याच्यावर अब्रू आणि जमीन अवलंबून आहे तो का उचलत नाही? कारण औषधाचा डबा आपण रोज हाताळतो आणि कोर्टाचा कागद पेटीत दडवून ठेवतो.

काही कार्यकर्ते म्हणतात, इंग्रजी कशाला शिकायचे, सरकारनेच मराठीत लिहावे. मागणी रास्त आहे. राजभाषेचा कायदा १९६४ चा आहे, आणि १९९८ साली तालुका-जिल्हा कोर्टांची भाषाही मराठी ठरली. पण सरकारी मराठी कधी वाचली आहे का? जामीन राहणाऱ्याला तिथे 'प्रतिभू' म्हणतात आणि समन्स-वॉरंटाला 'आदेशिका'. यापेक्षा 'बेल' बरी, निदान सगळ्या गावाला कळते. शिवाय जे शब्द आपण मराठी म्हणून छातीशी धरतो, ते फिर्याद, वकील, जामीन, जप्ती, कैद कुठून आले? फारसी-अरबीतून. शिवाजी महाराजांनी त्या शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. तरी फिर्याद आणि वकील राहिलेच, कारण रयतेने ते वापरून आपले केले होते. नोटीस, अपील, स्टे हेही तसेच आपले झाले आहेत. राहिले पंधरा-वीस. तेवढ्यांसाठी सरकारची वाट पाहत बसायचे कारण नाही.

आता एनसी आणि एफआयआर घ्या. विहिरीवरची केबल आणि मोटर चोरीला गेली. तुम्ही ठाण्यात जाता, तिथे एक चिठ्ठी मिळते, तुम्ही गावात येऊन सांगता, "केस केली." चिठ्ठीवर एनसी असेल तर केस झालेली नाही. एनसी म्हणजे नॉन-कॉग्निझेबल, अदखलपात्र. कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस तिचा तपासच करू शकत नाहीत. एफआयआर म्हणजे दखलपात्र गुन्ह्याची पहिली खबर. ती नोंदली की तपासाचा अधिकार मिळतो. दखलपात्र गुन्ह्याची खबर दिली तर एफआयआर घ्यावाच लागतो, हे सुप्रीम कोर्टाने २०१३ साली ललिताकुमारी खटल्यात सांगितले आहे. यातली खोच अशी, की १ जुलै २०२४ पासून जे नवे कायदे आले, त्यांत पाच हजार रुपयांच्या आतली चोरी अदखलपात्र झाली. तेव्हा "थोडीफार वायर गेली" असे सांगू नका. किती फूट, कोणत्या कंपनीची, बिल किती, हे लिहून न्या. खरी किंमत सांगण्यात लाज कसली?

आणि खाली सही करण्याआधी थांबा. जबाबाच्या शेवटी "वाचून दाखवला, तो माझे सांगण्याप्रमाणे बरोबर आहे" असे एक वाक्य असते. किती जणांनी ते वाचून न दाखवताच सही केली आहे? खबर वाचून दाखवणे आणि एफआयआरची प्रत फुकट देणे कायद्यानेच बंधनकारक आहे. मागायला आवाज चढवावा लागत नाही. उठून न जाणे पुरते.

सही-अंगठ्याचे हे दुखणे आपल्या भागाला नवे नाही. बारामती तालुक्यातल्याच सुप्याला १२ मे १८७५ रोजी शेतकरी सावकारांवर उठले. दुकाने फुटली, पण लोकांचा खरा रोख होता कर्जरोख्यांवर. काय लिहिले आहे हे न कळता ज्यांवर अंगठे उठवले होते ते कागद त्यांनी जाळले. पुढे १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याचा रोखा गावच्या रजिस्ट्रारसमोरच लिहिला जावा, असा नियम करावा लागला.

कार्यकर्त्यांसाठी वेगळे सांगतो. आंदोलनाच्या आदल्या दिवशी येणारी '१४९ ची नोटीस' आता १६८ ची झाली आहे आणि जमावबंदीची १४४ आता १६३ झाली. आकडा बदलला, कागद तोच. ती नोटीस म्हणजे अटक नव्हे. ती घ्या, तारीख-वेळ टाकून सही करा आणि प्रत ठेवा. अटक झालीच तर कारण विचारा, आणि आपल्या भाषेत विचारा. नागपूरच्या हरिकिसन यांना स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत दिली होती. त्यांनी हिंदीत मागितली, ती नाकारली. पोलिसाने तोंडी सांगितले, तेवढे पुरे, असे सरकारचे म्हणणे. १९६२ साली सुप्रीम कोर्टाने ते फेटाळून त्यांना सोडले. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच मिहिर शाह खटल्यात त्याच कोर्टाने सांगितले, की अटकेची कारणे लेखी आणि माणसाला समजेल त्या भाषेत द्यावीत, कोणत्याही गुन्ह्यात. तो आरोपी बड्या घरचा होता. निकाल मात्र आपल्यालाही लागू आहे.

सातबारा लावून दुसऱ्याला जामीन राहणाऱ्यांनी एवढे ऐकावे, की तो पळाला तर बॉण्डची रक्कम तुमच्याकडून वसूल होते. भावकीच्या भिडेपोटी सही करू नका.

म्हातारबाबांना घेऊन मी दुसऱ्या दिवशी कोर्टात गेलो. पुढची तारीख मिळाली, त्यांनी साक्ष दिली, काम वीस मिनिटांचे. बाहेर आल्यावर म्हणाले, "शेळ्या उगा गेल्या."

पुढच्या बैठकीला येताना पत्र्याच्या पेटीतले कागद घेऊन या. बँकेचे, सोसायटीचे, पोलिसांचे, कोर्टाचे, जुने-नवे सगळे. शाळेत जाणारी पोरगी असेल तर तिलाही आणा. वाचायला तीच बसेल.