मानक ठरण्यापूर्वीची खरेदी

दुकान, पेढी व गोदाम यांना जोडणारे बिनतारी यंत्र, म्हणजे ज्यास आपण राउटर म्हणतो ते, नव्या पिढीचे घ्यावे की तिचे मानक अंतिम होईपर्यंत थांबावे, असा प्रश्न काही सभासद बंधूंनी आमच्यापुढे ठेवला आहे. वाय-फायच्या आठव्या पिढीचे मानक, तांत्रिक नावाने ८०२.११बीएन, अद्याप मसुद्याच्या अवस्थेत असून ते २०२८ च्या सुमारास पूर्ण व्हावे अशी अपेक्षा आहे. कारखानदार तोवर थांबतील असे आम्हांस वाटत नाही. यापूर्वी ते कधी थांबलेले नाहीत.

मापांचा घोळ व्यापाऱ्यास नवा नाही. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने येण्यापूर्वी एका पेठेचा मण दुसऱ्या पेठेच्या मणाशी जुळत नसे. मानक म्हणजे तरी दुसरे काय? निरनिराळ्या कारखान्यांच्या यंत्रांना एकमेकांचे बोलणे समजावे, एवढाच त्याचा हेतू.

या बाबतीत ८०२.११एन या पिढीचा इतिहास आठवण्याजोगा आहे. मानकाचा पत्ता नसताना २००४ पासूनच ‘प्री-एन’ नावाची यंत्रे विक्रीस आली. २००६ साली पहिला मसुदा मतास टाकला गेला, तेव्हा त्यास आवश्यक ती तीन-चतुर्थांश मते मिळाली नाहीत. त्या काळातील पुष्कळ यंत्रे आपल्या कारखान्याच्या जोडीदाराशी वेगाने बोलत; परक्याशी गाठ पडली की जुन्या मंद चालीवर येत. पुढे जून २००७ मध्ये वाय-फाय अलायन्सने दुसऱ्या मसुद्याच्या आधारे यंत्रांची परस्पर-चाचणी घेऊन प्रमाणपत्रे देण्यास आरंभ केला. अंतिम मानक सप्टेंबर २००९ मध्ये संमत झाले, तेव्हा ही प्रमाणित यंत्रे निकामी ठरली नाहीत. सातव्या पिढीतही हाच क्रम दिसला : प्रमाणपत्रे जानेवारी २०२४ पासून, अंतिम संमती त्याच वर्षाच्या सप्टेंबरात.

सबब आमचे मत असे की, अंतिम शिक्क्यासाठी अडून बसू नये. परंतु प्रमाणपत्रापूर्वी एक पैही देऊ नये. पुढे फर्मवेअर बदलून देऊ, असे विक्रेता सांगेल. आज्ञावली बदलता येते, आतील चिप बदलता येत नाही. शिवाय बिले छापणारे यंत्र जुन्याच पिढीचे असेल, तर राउटर नवा आणल्याने त्याचा वेग वाढत नाही. जाड भिंतीआडच्या गोदामासाठी एक तार ओढून तेथे दुसरे साधे यंत्र बसविणे बहुधा अधिक उपयोगी पडते, आणि स्वस्तही.

याहून नाजूक बाजू आहे ती हा माल विकणाऱ्या आपल्याच बंधूंची. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत कमी-अधिक मापे व प्रतिरूपक व्यवहार, असे दोन्ही गणले आहेत. मसुद्यावरचा माल पक्क्या मानकाचा म्हणून देणे यांत मोडते की नाही, यावर कोणी वाद घालील. आम्हांस वाद घालण्याजोगे त्यात काही दिसत नाही. बिलावर ‘मसुदा’ हा शब्द स्पष्ट लिहावा, व प्रमाणपत्र असल्यास त्याचा क्रमांकही. अशाने गिऱ्हाईक शेजारच्या दुकानी जाईल, असे म्हणणारे आहेत. काही जाईलही. येत्या सर्वसाधारण सभेत आम्ही या अर्थाचा ठराव मांडणार आहोत. ज्यांचा त्यास विरोध असेल त्यांनी सभेस अवश्य यावे व आपली अडचण मोकळेपणी सांगावी.