गदेमागची तालीम

महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती ज्याने मैदानात बसून पाहिली, त्याला ती पडद्यावर अपुरीच वाटणार. मी लहानपणापासून कुस्तीचा शौकीन. २०१६ साली भुसावळहून रात्रीची गाडी धरून पुण्यास वारज्याला गेलो. माती व गादी या दोन्ही विभागांचे विजेते अखेर समोरासमोर आले आणि चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरीने अभिजित कटकेला हरवून सलग तिसरी गदा जिंकली. यापूर्वी हा मान नरसिंग यादवने २०११ ते २०१३ मध्ये मिळविला होता. पडद्यावर फक्त डाव दिसतो. मैदानात डावाआधीची खडाखडी, पैलवानांची धाप आणि हजारोंचा रोखलेला श्वासही कळतो.

त्या दिवशी आम्ही खानदेशी घसा बसेपर्यंत ओरडलो. पण मित्रहो, त्या यशात प्रेक्षक म्हणून आपला वाटा किती? केसरी गदेच्या दिवशी घडत नाही. तो पहाटेच्या जोरबैठकांत घडतो. गावच्या जत्रेत नारळ आणि दहा-वीस रुपयांच्या इनामावर पोरे लढतात, तेव्हा फडाभोवती आपण किती जण असतो? माझ्या मते खऱ्या शौकिनाने पहिली टाळी तिथे वाजवावी. गदेच्या दिवशी टाळ्या वाजवणारे पुष्कळ मिळतात.