बिल्डरच्या सहीशिवाय टोकन देऊ नका

बंगळुरूच्या मारतहळ्ळीतल्या माझ्या ऑफिसात सांगली, कोल्हापूर, पुण्याकडची आयटीतली मुलं फाइल घेऊन येतात. इमारत अर्धी उभी असते आणि कुणी गुंतवणूकदार आपलं बुकिंग 'असाइन' करायला तयार असतो. बिल्डरच्या आजच्या दरापेक्षा स्वस्त, म्हणून घाई. मी आधी मूळ विक्री करारातलं हस्तांतरणाचं कलम काढते. बिल्डरच्या लेखी संमतीशिवाय हक्क दुसऱ्याला देता येणार नाही, असं तिथे बहुतेक वेळा स्पष्ट छापलेलं असतं. आणि मुलाच्या हातात काय असतं? नोटरीचा शिक्का मारलेला ई-स्टॅम्प कागद. त्यावर सह्या दोनच, बिल्डरची नाही.

अशा कागदावर एक रुपयाही देऊ नये, या मतावर मी ठाम आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ सांगतं की नुसत्या विक्री करारानं मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही. म्हणजे त्या गुंतवणूकदाराकडेही फ्लॅट नाही. करारानुसार फ्लॅट मागायचा अधिकार तेवढा आहे. करारात मनाई नसेल तर तो पुढे देता येतो. उरलेल्या हप्त्यांची जबाबदारी मात्र बिल्डरच्या संमतीशिवाय अंगावेगळी करता येत नाही. कराराचे लाभ आणि जबाबदाऱ्या यांतला हा फरक सर्वोच्च न्यायालयानं १९६२ सालीच, खरदा कंपनीच्या खटल्यात, मांडला. सोबत कुलमुखत्यारपत्र जोडलं तरी मालकी मिळत नाही, हे २०११च्या सूरज लॅम्प निकालानं पक्कं केलं.

म्हणून त्रिपक्षीय करार हवा: देणारा, घेणारा आणि बिल्डर. पहिल्यानं कर्ज काढलं असेल तर बँकेचं ना-हरकत पत्रही. रेरा कायद्यात नंतर हक्क घेणाराही 'अलॉटी', म्हणजे वाटपधारक, ठरतो, पण तारखेला फार किंमत आहे. लॉरिएट बिल्डवेल प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुसऱ्या खरेदीदाराला परताव्यावर व्याज दिलं, तेही बिल्डरला हस्तांतरण कळलं त्या दिवसापासून.

बिल्डरांनाही मी मोकळं सोडणार नाही. ट्रान्सफर फी चौरस फुटावर आकारायची आणि संमतीपत्र आठवडेच्या आठवडे अडवून ठेवायचं, हा जाच आहे. फी किती आणि संमती किती दिवसांत, हे कर्नाटक रेरानं प्रत्येक विक्री करारात छापायला लावलं पाहिजे. या अडवणुकीमुळेच 'बिल्डरला नंतर कळवू' म्हणणाऱ्या दलालांचं फावतं.